बोळातली खडूची वर्तुळं

गठ्ठू घरात आला तर आपल्या पदरात काय पडणार, हे फिटरबाबांनी त्याचं तोंड बघायच्या आधीच जोखलं होतं. एक तर सून खूश होणार होती. ती काम करायची त्या छापखान्याच्या गोदामात, कागदाच्या गठ्ठ्यांमागे सापडलेलं ते कुत्र्याचं पिल्लू तिनेच ओढणीत गुंडाळून आणलं होतं. शिवाय निवृत्तीनंतर घरात बसून वर्तमानपत्राच्या घड्या मोडणाऱ्या माणसाला काहीतरी हुद्दा मिळणार होता. तिसरा फायदा मात्र त्यांनी कुणाला सांगितला नाही. त्यांच्या खोलीपासून संडासापर्यंत बोळ होता अकरा पावलांचा, आणि गेले चार महिने त्यांना ती अकरा पावलं निभत नव्हती. सातव्या-आठव्या पावलाला घात व्हायचा. लुंगीच्या टोकाने पुसून घ्यायचं, कान टवकारून ऐकायचं, कुणी आलं तर "तांब्या कलंडला" म्हणायचं. पण एका माणसाच्या हातून तांब्या कलंडून कलंडून किती कलंडणार? घरात पिल्लू असलं की फरशीवरच्या ओलीला आपसूक मालक मिळतो.

म्हणून मुलगा जेव्हा म्हणाला, "कुत्रं नको, घाण करेल," तेव्हा उभ्या जन्मात मांजरालाही उंबरा ओलांडू न देणारे फिटरबाबा म्हणाले, "राहू दे रे. शिकवू आपण."

मुलाने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू बाप कुठूनतरी बदलून आला होता.

"तुम्ही शिकवणार?"

"तीस वर्षं पाणीखात्यात रस्त्याखालची गळती शोधली. एवढ्याशा नळाचं काय घेऊन बसलास!"

सून खुदकन हसली. मुलगा हसला नाही. "एक महिना," तो म्हणाला. "महिन्यात ठरल्या जागी करायला शिकला नाही, तर ज्या गोदामातून आला तिथे परत."

त्या गोदामात उंदरांसाठी विष टाकलेलं असायचं. गठ्ठूची दोन भावंडं ते खाऊनच गेली होती. हे तिघांनाही ठाऊक होतं.

फिटरबाबांनी काम मात्र चोख केलं. गॅलरीच्या कोपऱ्यात पत्र्याचा ट्रे ठेवला, त्यात छापखान्यातली रद्दी अंथरली, आणि पहिल्या दिवशी जिथे सांडलं होतं तिथलं फडकं मुद्दाम त्या रद्दीखाली सारलं, म्हणजे वासाने जागा कळावी. झोपेतून उठला की उचलून ट्रेवर, खाल्लं की ट्रेवर, खेळून दमला की ट्रेवर. "चल, ड्यूटी!" एवढंच म्हणायचं आणि वाट बघायची. झालं की बिस्किटाचा तुकडा. घरात कुठे चुकून झालं, तर रस्त्यावर गळतीच्या जागी करायचे तसं खडूने वर्तुळ काढायचं आणि आत वेळ लिहायची. तीन-चार दिवसांत वर्तुळांवरून त्यांना कळलं, की पठ्ठ्या खाल्ल्यावर बारा मिनिटांनी बसतो.

"बाबा, खात्याने तुम्हाला फुकट निवृत्त केलं," सून म्हणायची.

दहाव्या दिवशी गठ्ठू आपला आपण गॅलरीत गेला, गोल फिरला, आणि ट्रेच्या बरोबर मधोमध बसला. सुनेने टाळ्या वाजवल्या. फिटरबाबांनी बिस्किट दिलं, आणि मग त्यांना उमगलं, की आता ओलीला मालक उरला नाही. इतके दिवस ते स्वतःच्याच पायाखालचं जाजम गुंडाळत आले होते.

बाराव्या दिवशी, दुपारची डुलकी मोडून ते लगबगीने निघाले आणि आठव्या पावलाला व्हायचं ते झालं. पुसायला वाकणार तोच मुलगा दारातून आत आला.

"हे काय? शिकला म्हणत होतात ना?"

फिटरबाबांच्या खिशात खडू होता. तो त्यांनी काढला आणि ओलीभोवती वर्तुळ ओढलं. तीस वर्षांत त्यांनी खोट्या जागी खडू मारला नव्हता. मग नुसत्या खडूने भागेना, म्हणून गठ्ठूला मानगुटीला धरून आणलं, त्याचं नाक फरशीजवळ नेलं आणि मुलाला ऐकू जाईल इतक्या जोरात ओरडले, "हे कोणी केलं? कोणी केलं हे?"

गठ्ठूने त्यांचा हात चाटला. त्याला वाटलं, बिस्किट मिळणार.

त्या दिवसापासून आठवडाभरात असं नऊ वेळा झालं. कुत्र्याने त्यातून काढायचा तो अर्थ काढला: माणसासमोर करणं हाच गुन्हा. तो ट्रेवर जाईनासा झाला. फिटरबाबा गॅलरीत आले की उठून जायचा, मग सोफ्यामागे, नाहीतर पलंगाखाली. शेवटी तर कुठेच जाईना. दिवस दिवस तुंबून राहायचा आणि पोट चाटत कण्हायचा.

"महिन्याची वाट कशाला बघायची? रविवारी गोदामात," मुलाने सांगून टाकलं.

सुनेने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, लघवी घेऊन या, फरशीवरची ताजी असली तरी चालेल, सिरिंजने ओढून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बोळात थारोळं होतंच. सून गुडघ्यावर बसली आणि सिरिंजने एकेक थेंब बाटलीत भरू लागली. फिटरबाबा शेजारी उभे होते. तोंड उघडायला तेवढा वेळ भरपूर होता.

"बाबा, झाकण द्या ना."

त्यांनी झाकण दिलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाटलीत कागदाची पट्टी बुडवली, रंग पाहिला, आणि दुसरी पट्टी बुडवली. "साखर आहे. चांगलीच आहे. पाच महिन्यांच्या पिल्लाला? कठीण आहे. रक्त बघावं लागेल, आणि तीच निघाली तर जन्मभर रोज इंजेक्शन."

सुनेचा चेहरा पडला. "रोज? मग तर हे ठेवूच देणार नाहीत."

"काका, तुम्ही धरा घट्ट. तुमच्या सवयीचा आहे ना?"

फिटरबाबांनी धरला. पुढच्या पायावरचे केस भादरले. सुई टोचली, पण शीर सापडली नाही. गठ्ठू ओरडला नाही, नुसता थरथरला आणि त्यांच्या कोपरात नाक खुपसून बसला. डॉक्टरीणबाईंनी दुसरा पाय पुढे ओढला.

"थांबा," फिटरबाबा म्हणाले. "ती त्याची नाही."

"काय त्याची नाही?"

"बाटलीतली. माझी आहे."

सून बाटलीकडे बघत होती. वर बघायचं धाडस दोघांपैकी कुणालाच होईना. जमीन दुभंगती तर फिटरबाबा आनंदाने आत गेले असते, पण दवाखान्याची फरशी पक्की होती.

डॉक्टरीणबाईंनी सुई ट्रेमध्ये टाकली. "काका, माणसांचे डॉक्टर समोरच्या इमारतीत बसतात. आजच जा. आणि ह्याला काही झालेलं नाही. कुणीतरी ह्याला घाबरवलंय फक्त."

परतताना रिक्षात गठ्ठू मध्ये बसला होता. सून म्हणाली, "सांगितलं असतंत, तर मी हसले असते असं वाटलं तुम्हाला?"

"मी हसलो होतो," फिटरबाबा म्हणाले.

त्यांच्या वडिलांचं असंच झालं होतं. गादीखाली प्लास्टिक अंथरलेलं असायचं आणि पाहुणे आले की फिटरबाबा दारातूनच सांगायचे, "आमच्याकडे पाणी चोवीस तास!" पाहुणे हसायचे. म्हातारा पण हसायचा, आणि मग भिंतीकडे तोंड करून पडायचा.

घरी गेल्यावर सुनेने बादली घेतली आणि बोळातली वर्तुळं पुसली, नऊच्या नऊ. मुलाला तिने काय सांगितलं कोण जाणे. त्याने गोदामाचं नाव पुन्हा काढलं नाही, नि बापाच्या खाटेजवळ झाकणाचं भांडं आणून ठेवलं. ठेवताना इकडे-तिकडे बघत होता, जणू त्यानेच काही चोरलंय.

आता या सगळ्याची किंमत कोणी किती भरली ते बघू. सुनेने एक सकाळ गुडघ्यावर काढली. मुलाने एक भांडं आणलं. फिटरबाबांनी एक वाक्य भरलं, तेही एक सुई उशिरा, आणि त्या वाक्याच्या बदल्यात त्यांना आजाराचा पत्ता, दोन वेळच्या गोळ्या आणि पुन्हा निभणारी अकरा पावलं मिळाली. गठ्ठूने नऊ वेळा नाक आणि एक पाय भरला, आणि त्याचं अजून फिटलेलं नाही. तो ट्रेवर जातो, गोल फिरतो, बसायला वाकतो, आणि वाकल्या वाकल्या मान वळवून फिटरबाबांच्या हाताकडे बघतो. मग ते भिंतीकडे तोंड करून उभे राहतात, त्याचं होईपर्यंत.