तीन ठोके आणि एक उचकी

मित्रांनो, आधी कानांवरचे हात काढा. मी एक जुना जनरेटर आहे खरा, पण आत्ता बंद आहे. बंद असतानाच मला चार शब्द बोलता येतात. एकदा सुरू झालो की लोक माझ्यापासून लांब जाऊन बोलतात.

माझं इंजिन राजकोटचं आणि वीज करणारा डायनामो पुण्याचा. दोघांची गाठ नगरच्या एका वर्कशॉपात लोखंडी गाड्यावर मारली गेली. पत्रिका कोणी पाहिली नव्हती, तरी संसार बरा झाला. घोडेगावच्या भागिरथीबाईंच्या मालकांनी मला मंडपाच्या धंद्यासाठी आणलं. पुढे मालक वारले. 'बाईमाणूस काय जनरेटर चालवणार,' असं म्हणणाऱ्यांच्या घरची लग्नंसुद्धा भागिरथीबाईंनी माझ्याच उजेडात लावून दिली. पदर खोचून त्या माझं हँडल मारायला उभ्या राहिल्या की बघे आपणहून मागे सरकत.

कामात मी कधी कुचराई केली नाही. पण माझी जागा कायम मंडपाच्या मागे, उकिरड्याच्या जरा अलीकडे. मंडपात काय चाललंय ते मला कधी दिसलं नाही. मी उजेड पाठवायचा आणि तिकडून निरोप यायचा, "ते धूड आजून लांब न्या रं!" आपल्यालाही एकदा कोणीतरी मंडपात बोलवावं, एवढीच माझी इच्छा होती. ती मी कोणाला बोललो नाही. बोललो असतो तरी आवाजात ऐकू गेलं नसतं.

उतारवयात मला उचकी लागली. आमच्या पोटात डिझेलची बारीक धार उडवणारा नोझल असतो. माझा झिजला होता. त्यामुळे तीन ठोके नीट पडत आणि चौथ्याला मी अडखळे. डुग, डुग, डुग, हिक्! त्या हिक्‌सरशी मंडपातले सगळे दिवे डोळा मिचकावत. नेवाशाच्या एका लग्नाच्या अल्बमात नवरदेवाच्या जागी नुसता अंधार आला, मुंडावळ्यांसकट. कामं तुटायला लागली. उचकी लागली की कोणीतरी आपली आठवण काढतंय, असं म्हणतात. त्या दिवसांत माझी आठवण बहुधा भंगारवालाच काढत असावा, कारण एके दिवशी भागिरथीबाईंनी त्यालाच निरोप धाडला.

तेवढ्यात पंकज आला. हा पोल्ट्रीवाल्या रंगनाथआबांचा मुलगा. सत्त्याण्णव साल असावं. पुण्याला डिप्लोमा करता करता याने कुठूनशा कॅसेटी ऐकल्या होत्या, आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात टेक्नो नावाचं वारं शिरलं होतं. त्या संगीतात शब्द नाहीत, पेटी नाही, गाणारा नाही. नुसता ठोका, आणि त्यावर माणसांनी नाचायचं.

"काकू, भंगारवाल्याला जरा थांबवा. मला पार्टीला जनरेटर पायजे."

"लगीन कुनाचं हाय?"

"कुनाचंच न्हाई. नुसतं नाचायचं."

"बिनलग्नाचं?" भागिरथीबाईंनी कपाळाला हात लावला. पण पोरगा शेजारचा, आणि मीही तसा शेवटच्याच प्रवासाला निघालेलो. त्या हो म्हणाल्या.

शहरात अशा कार्यक्रमाला तळघर लागतं म्हणे. घोडेगावात जमिनीखाली असते ती विहीर, म्हणून पंकजने आबांची शेड धरली. कोंबड्यांची एक बॅच गेली की पुढची येईपर्यंत शेड धुऊन रिकामी ठेवतात. वेळ ठरली रविवारी दुपारची, कारण रात्री पोरींना कोणी घरून सोडलं नसतं. जाळ्यांना गोणपाटं बांधून दुपारची रात्र केली. दुपारी वीज हमखास जायची, म्हणून मी. आबांनी एकच अट घातली होती. "फजिती झाली, तर पुन्यांदा त्या शेडात कोंबडीबिगर कुनी नाचायचं न्हाई."

पुण्याहून पाहुणे डीजे येणार होते. ओम नाव, कानात बाळी. आता पाहुणा म्हटला की सत्कार आलाच. पंकज मित्रांना घेऊन नगरच्या स्टँडवर गेला आणि ओम एसटीतून उतरताच त्याला जागीच गाठलं. हार, शाल, श्रीफळ. मग एका मित्राने दोन शब्द बोलायला घेतले आणि ते दोन शब्द काही संपेनात. इकडे कंडक्टरने घंटी मारली आणि एसटी पुढे गेली. टपावर ओमची ट्रंक होती आणि ट्रंकेत त्याच्या सगळ्या रेकॉर्डी. पाहुणे घोडेगावात पोचले तेव्हा रेकॉर्डी जामखेडच्या वाटेला लागल्या होत्या.

शेडीत नगरची कॉलेजची पोरंपोरी टेम्पो भरून आलेली. गावातलीही माणसं कोंबड्यांच्या जागी काय आलंय ते बघायला जमलेली. स्पीकर होते, माइक होता, आवाज घुमवायची एक पेटी होती, पण वाजवायला काही नव्हतं. ओम गळ्यात हार आणि मांडीवर नारळ घेऊन शेडीमागे कट्ट्यावर बसला होता. पंकजचा चेहरा पाहवत नव्हता. मी आपला माझ्या जागेवर, डुग, डुग, डुग, हिक्.

ओमने मान वर केली. मग तो उठून माझ्याकडे आला. आता शिव्या बसणार, म्हणून मी जीव मुठीत धरला. तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने कान पुढे केला.

"काकू, ही उचकी कुठून येते?"

"म्हातारं झालंय वो, दादा. त्येच्यावर राग नका धरू."

"राग कसला? माइक आणा!"

समोरच्या शेवग्याच्या फांदीला माइक टांगला. वायर गोणपाट सारून शेडीत गेली आणि त्या फटीतून मला आतलं दिसायला लागलं. आणि मित्रांनो, ज्या आवाजाला आजवर लोकांनी उकिरड्यापलीकडे हाकललं, तो माझा आवाज घुमत घुमत शेडीच्या त्या मंडपात शिरला. वर माझ्या हिक्‌बरोबर दिवे डोळे मिचकावत होते, त्यामुळे डिस्को लाइटही आयताच झाला. पोरं आधी बावरली, मग थयाथया नाचायला लागली. रंगनाथआबा बराच वेळ हाताची घडी घालून उभे होते. "गानं कवा सुरू व्हायाचं?" त्यांनी विचारलं.

"आबा, ह्येच गानं हाय," पंकज म्हणाला.

"व्हय का?" म्हणत आबांनी टोपी नीट केली आणि उगीच एक पाय हलवून पाहिला. मला भरून आलं. लोकांना वाटलं, ऑइल गळतंय.

भंगारवाला हात हलवत परत गेला. पुढच्या बॅचनंतर पुन्हा पार्टी ठरली. माझे उपकार फेडायचे म्हणून पंकजने काय करावं? गावच्या सहादू मिस्त्रीकडून मला पूर्ण दुरुस्त करून घेतलं. नवा नोझल, नवा रंग, पुढे स्वस्तिक. मी खूश होतो. मलाही कुठे काही कळत होतं?

त्या रविवारी ओमने आणखी दोन पाहुणे डीजे आणले. या खेपेला ट्रंक त्याने मांडीवरच ठेवली होती, त्यामुळे सत्कार तिचाही झाला. तिघांनी सगळा कार्यक्रम माझ्या उचकीवर बेतला होता. माइक टांगला. भागिरथीबाईंनी हँडल मारलं. डुग, डुग, डुग, डुग.

सगळे थांबले. डुग, डुग, डुग, डुग. दिवे डोळे वटारल्यासारखे स्थिर. आतून पोरं ओरडायला लागली, "उचकी कुठंय?" मी जीव तोडून प्रयत्न केला, पण निरोगी माणसाला उचकी कशी येणार? ओम हळूच म्हणाला, "असा आवाज तर कुठलाही जनरेटर देईल." ते मला फार लागलं, कारण ते खरं होतं. आणि त्या 'कुठल्याही' जनरेटरांत मी सगळ्यांत म्हातारा होतो.

भागिरथीबाई घरी गेल्या आणि डालड्याचा एक डबा घेऊन आल्या. वाकडे खिळे, अर्धी बिजागरी, निकामी स्क्रू यांतून त्यांनी माझा जुना नोझल काढला.

"बाई, ह्यो म्या टाकून द्यायला सांगितला हुता!" आपलं काम कसं चालतंय ते बघायला आलेला सहादू म्हणाला.

"टाकायचा कशापायी? खात न्हाई, पीत न्हाई. घे, बशीव."

"नीट केलेलं इंजिन बिघडवू? माज्या हातनं न्हाई व्हायाचं. उद्या गाव म्हनंल, सहादूच्या हाताखालचं इंजिन उचक्या देतंय."

पंकजने हातापाया पडून पाहिलं. सहादू हटेना. शेवटी भागिरथीबाईंनीच माइक हातात घेतला.

"ऐका हो ऐका! इंजिन सहादू मिस्त्रीनं झ्याक नीट केलं हुतं. आता पब्लिकच्या आग्रहाखातर त्येच ते बिघडवनार हायेत. त्याबद्दल आपन त्यांचा सत्कार करू."

शेडभर टाळ्या. ओमने स्वतःच्या गळ्यातला हार सहादूच्या गळ्यात घातला, नारळ हातात दिला. सत्काराला नाही म्हणणारा माणूस आपल्या जिल्ह्यात अजून जन्माला यायचाय. सहादूने डोळे पुसले, पाना उचलला आणि मन लावून मला बिघडवलं.

डुग, डुग, डुग, हिक्!

आतून जी आरोळी उठली, ती मी अजून विसरलेलो नाही.

आता पोल्ट्रीत नुसत्या कोंबड्या आहेत. पंकज संसाराला लागला. मंडपवाल्यांकडे आवाज न करणारे जनरेटर आले आणि मी भागिरथीबाईंच्या अंगणात पत्र्याखाली विसावलो. मित्रांनो, तुमच्या घरी कोणी म्हातारं यंत्र असेल तर त्याला वेळेवर तेल द्या, पावसात झाकून ठेवा. पण दुरुस्त करण्याआधी एकदा कान लावून त्याचं ऐका. ज्याला तुम्ही खोड म्हणता, त्यावर कधीकाळी कोणीतरी मनापासून नाचलेलं असतं.

खंडेनवमीला भागिरथीबाई मला हळदकुंकू वाहतात. आता हँडल मारताना त्यांना धाप लागते, तरी दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. मी सुरू होतो आणि त्या पदर सावरून ऐकत उभ्या राहतात. चौथा ठोका चुकला की हसतात.

"बग," त्या मला म्हणतात, "कुनीतरी आटवन काढतंय तुजी."