कट्टा उद्या बंद आहे का?

संयोगिताचा अर्थशास्त्राचा तास म्हणजे पोरांची हक्काची डुलकी, असं कॉलेजात सगळेच म्हणत. ते कानावर आलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्यात एके सकाळी प्राचार्य उदयसिंह सरांनी तिला बोलावून घेतलं. सर तरुणपणी लाल मातीतले पैलवान. आजही ते बसले की बिचारी खुर्ची चीतपट झाल्यासारखी दिसायची.

"मॅडम, पुढल्या वर्षी अर्थशास्त्र बंद करूया म्हणतोय. त्या खोलीत कुस्तीची मॅट टाकू."

"आणि मी, सर?" ती तासिका तत्त्वावर नेमलेली. विषय गेला की नोकरी गेली.

सर जरा वरमले. "त्यो महामारीचा धडा हाय न्हवं? उद्या मी तासाला येऊन बसतो. मला समजंल असा शिकवा. समजला, तर विषय राहील. पैलवानाची जबान हाय."

महामारीनं बाजाराचं काय केलं, असा तो धडा. सरांच्या आधी पोरांवर प्रयोग करून बघावा म्हणून तिनं तो त्याच दिवशी काढला. टाळेबंदीत ही पोरं प्राथमिक शाळेत होती. त्यांच्या आठवणीत होतं ते फक्त मोबाइल हाताला लागल्याचं सुख. तिनं मागणी म्हटलं, पुरवठा म्हटलं, मागच्या बाकांवर माना लवंडल्या. तेवढ्यात गडमुडशिंगीची मोना उठली.

"मॅडम, आमच्या गावाला चारी बाजूनं ऊस. कारखान्यात साखरेच्या पोत्यांची थप्पी. तरी लॉकडाऊनमध्ये दुकानात साखर न्हवती म्हणं. अशी कशी संपली ओ?"

"लोकांनी घाबरून जादा घेतली."

"आमची माणसं काय येडी हुती व्हय?"

वर्ग हसला. वर्षात पहिल्यांदा सगळे एकदम जागे झाले.

"वेडी नव्हती. तीच तर गंमत आहे," संयोगिता म्हणाली, आणि बोलता बोलता तिच्या डोक्यात किडा वळवळला. कोल्हापुरात संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर येतात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार निघते आणि माणूस तिथंच उभ्यानं फेसाळ पेला रिचवतो. तो कट्टा तिच्या डोळ्यांपुढे आला. "आज कट्ट्यावर जायचं. एकेकट्यानं. खोटं एक अक्षर बोलायचं नाही. फक्त विचारायचं, उद्या कट्टा बंद आहे का? नाही म्हणाले की 'बरं' म्हणून निघून यायचं."

शिक्षिकेला हे शोभतं का, असं कुणी विचारेल. नोकरी टांगणीला लागली की माणूस शोभेचा फार विचार करत नाही.

संध्याकाळी ती कट्ट्यासमोरच्या पानपट्टीच्या आडोशाला उभी राहिली. पहिल्या पोरानं विचारलं तेव्हा ज्ञानू गवळी हसून "न्हाय बा" म्हणाला. दुसऱ्याला नुसती मान हलवली. मोना विचारायला गेली तेव्हा मात्र त्याचं टाळकं सरकलं. "न्हाय म्हटलं की! कट्टा बंद न्हाय! किती येळा सांगू?"

झालं. जो माणूस एवढ्या तारस्वरात नाही म्हणतो, त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार?

"ज्ञानू येवढा तापतोय म्हंजे कायतरी हाय," एक आजोबा म्हणाले. त्यांच्या शेजारच्यानं लगेच फोन लावला. एकाला वाटलं म्हशींना रोग आलाय. दुसऱ्याला पुन्हा लॉकडाऊनचा वास आला. बातमी शहराच्या टोकाला, कळंब्याला पोचेपर्यंत लॉकडाऊन पक्का झाला होता. पेलाभर पिऊन गेलेली माणसं किटली घेऊन परत आली. किटलीवाले कळशी घेऊन आले. रांग कोपऱ्यावरून वळली आणि ज्ञानू कपाळाला हात लावून धार काढत राहिला.

संयोगिताला हसू आवरेना. हसता हसता तिची नजर म्हशींकडे गेली. दोनच पिळायच्या राहिल्या होत्या. आणि तिच्या घरात दुधाचा थेंब नव्हता! सकाळी सासूबाईंना चहा मिळाला नाही तर घरात काय होतं, ते तिला चांगलं माहीत होतं. तिनं पर्समधली पाण्याची बाटली काढली, पाणी ओतून टाकलं आणि पळत जाऊन रांगेत घुसली.

पुढं एक भलीथोरली पाठ होती. पाठ वळली. उदयसिंह सर, दोन्ही हातांत किटल्या.

"मॅडम, तुमच्या बी कानावर आलं व्हय? उद्यापास्नं बंद."

आता लपवून उपयोग नव्हता. "नाही सर, बंद नाही. ही आवई आमच्या वर्गानं उठवलीय. धडा शिकायला."

सरांच्या मिशा थरथरल्या. "म्हंजे तुम्हाला म्हाईत हाय, बंद न्हाय म्हणून?"

"हो."

"मग तुम्ही रांगंत कशापायी?"

"मला माहीत आहे, सर. या सगळ्यांना कुठं माहीत आहे? ते सगळं दूध घेऊन जाणार. मग आमच्या चहाला काय उरणार?"

सरांनी रांगेकडं मागं पाहिलं, आणि पुढं म्हशीकडं पाहिलं. "आयला!" ते म्हणाले. "म्हंजे येडं कुणीच न्हाय. जो तो शाणपणानंच घेतोय, आणि म्हणूनच संपतंय!"

"तेवढंच आहे धड्यात, सर."

"मग ऱ्हायला विषय. मॅट व्हरांड्यात टाकू."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तेवढ्यात सरांचा नंबर लागला. ज्ञानूनं त्यांची पहिली किटली भरली, दुसरी भरली, म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि ओरडला, "संपलं! जावा घरला!"

संयोगितानं बाटली पुढं केली. "सर, पेलाभर तरी द्या. आवई आहे हे कळलंय ना आता तुम्हाला?"

"कळलंय की. पुरतं कळलंय." सरांनी किटलीचं झाकण घट्ट दाबलं. "पर मॅडम, समजा उद्या खरंच बंद असला तर?"

आणि दोन्ही किटल्या सांभाळत ते तरातरा घराकडं निघाले. नोकरी वाचल्याचा आनंद आणि दूध हुकल्याचा संताप तिला एकदमच झाला, आणि रिकामी बाटली हातात धरून ती भर रस्त्यात खो खो हसत सुटली.