गौस आणि ओर्स्टेड

"आधी जोडे तरी काढा," मी म्हणाले, "आन् सांगा, पास का न्हाई?"

हे उंबऱ्यावरच बसले. गुलबर्ग्याहून मोटारीने आले होते, तोंड धुळीने माखलेलं. शाळेतली यांची मास्तरकी कच्ची होती. सायन्सची तोंडी परीक्षा पास झाले तरच पक्की होणार, आणि ही शेवटची संधी होती. मागे दोनदा आपटले होते.

"गेली नोकरी," हे म्हणाले.

"अशी कशी गेली? काय विचारलं त्या मेल्यांनी?"

"चुंबकाच्या क्षेत्राचा जोर कशात मोजतात. मी म्हणलो, गौसमधी. साहेब हसायलाच लागला. म्हणला, जोर ओर्स्टेडमधी, गौस वेगळं. नावं ठरून वर्षं झाली, मास्तर, होतात कुठं?"

कुठे असणार! शाळेत शिकवणं उर्दूतून, आणि तिथलं पुस्तक ही नावं ठरण्याच्याही आधीचं. त्यात दोन्ही मापांना गौसच. तेच यांनी तोंडपाठ केलं, तेच वर्गाकडून घोकून घेतलं. आमच्या इकडे जुनं पुस्तक चिंध्या होईपर्यंत नवं येत नाही, आणि शिक्षा मात्र मास्तरला! मला असा संताप आला.

"पण दोन नावं लागतात कामून? एकानं भागत न्हाई का त्यांचं?"

"न्हाई भागत. मोटारीत बसल्यावर उमजलं मला. हे बघ, उघड्या रानात हाक मारलीस तर हाक जेवढी, तेवढाच आवाज. रिकाम्या रांजणात तोंड घालून मारलीस तर? हाक तेवढीच, पण आत घुमती किती! तारेच्या वेटोळ्यातनं वीज सोडली, तिनं चुंबकाचा जो जोर उठतो ती हाक, ओर्स्टेड. आत लोखंड घातलं की जे घुमतं ते गौस. हवेत दोन्ही आकडे सारखेच येतात, म्हणून फसलो." मग तोंड झाकून म्हणाले, "इतकी वर्षं पोरांना चुकीचं शिकवलं गं."

हे रडत होते.

दुसऱ्या दिवशी हे हेडमास्तरांकडे गेले. नोकरी मागायला नाही हो! पोरांची मॅट्रिक तोंडावर आहे, फक्त एक तास द्या, म्हणाले. हेडमास्तरांनी सांगितलं, नाव कमी झालं, आता वर्गात पाय ठेवता येणार नाही.

तिसऱ्या प्रहरी शेजारची दानम्मा धावत आली. "नलिनीअक्का, मास्तर फाटकापाशी उभारलेत. पोरं अडवायलेत. सगळे हसायलेत बघा."

लाजेने माझा जीव अर्धा झाला. तशीच गेले. हे एकेका पोराचा खांदा धरून सांगत होते, "ओर्स्टेड वेगळं, गौस वेगळं. कळलं का?" पोरं "जी, मास्तरसाब" म्हणून निसटत होती. कोपऱ्यावर जाऊन फिदीफिदी हसत होती.

"चला घरी," मी हात धरला. "काय तमाशा करायलाव?"

"थांब जरा. मॅट्रिकचा वर्ग सुटायचाय अजून."

घंटा झाली. यांनी डोक्यावरची टोपी काढून घाम पुसला, ती माझ्या हातात कोंबली आणि पुढे झाले. मी पदर सारखा केला आणि टोपी धरून फाटकाशी उभी राहिले.