नेर्याच्या नावाची वस्ती

येहोयादा गुरुजींचा मुलगा नेर्या लेबनॉनच्या लढाईत पडला, त्याचा सात दिवसांचा दुखवटा सकाळी संपला. गुरुजी दुखवट्यात बसायच्या बुटक्या स्टुलावरून उठले. शोकाच्या रीतीप्रमाणे फाडलेल्या गळ्याचा सदरा अजून अंगावरच होता. डोंगरावरच्या ज्यू वस्तीतल्या शाळेत त्यांनी उभा जन्म तोरा हा धर्मग्रंथ शिकवला. देवानं अब्राहामाला दिलेली भूमी मिसरच्या नदीपासून थेट फरात नदीपर्यंत, असं ते ठासून सांगत. लेबनॉनचा विषय निघाला की म्हणत, "तेही आपलंच. आज ना उद्या."

दुपारी त्यांचे जुने विद्यार्थी आले. त्यांचा म्होरक्या एल्याशीव म्हणाला, "गुरुजी, सरहद्दीपलीकडे वस्ती बसवतोय. नेर्या पडला त्याच टेकडीवर. नावही त्याचंच. पहिला तंबू तुमच्या हातून लागू दे."

गुरुजींचा ऊर भरून आला. ते हो म्हणणार, तोच त्यांची बायको हेम्दा स्वयंपाकघराच्या दारातून बोलली, "तिथं कुणी राहत होतं का रे?"

"गाव होतं मावशी. आता रिकामं आहे."

"रिकामं कसं झालं?"

एल्याशीव हातातल्या नकाशाची घडी घालू लागला.

"शेवटच्या फोनवर नेर्या काय म्हणाला, सांगू?" हेम्दा म्हणाली. "'आई, कुणाच्या तरी घरात झोपतोय. पोरांची दप्तरं खुंटीला तशीच आहेत. मला घरी यायचंय.' जमीन नव्हता मागत रे माझा लेक."

हे गुरुजींना ठाऊकच नव्हतं. ते पुन्हा त्या बुटक्या स्टुलावर बसले. "मला नाही जमायचं," एवढंच म्हणाले.

पोरं चुळबुळत उठली. तेवढ्यात धाकटी मुलगी तिर्झा पाठीला पिशवी अडकवून आतून आली. "मी लावते तंबू."

"तिर्झे, नको गं! तिथं गोळ्या चालतात."

"आपलंच आहे ना ते, बाबा? तुम्हीच शिकवलंत. नेर्या गेला तोवर खरं होतं, आणि माझ्या वेळी खोटं झालं?"

 ती पोरांबरोबर निघून गेली.

आपल्याच सैनिकांनी त्यांना सरहद्दीच्या कुंपणाशी अडवलं. पण पोरं परतली नाहीत. कुंपणाच्या अलीकडच्या बाजूलाच तंबू ठोकून बसली. दर शुक्रवारी गुरुजी बस बदलत बदलत तिथवर जातात, हेम्दानं केलेलं कोंबडीचं सूप देतात. तिर्झा डबा घेते, आई कशी आहे विचारते.

"घरी चल," ते म्हणतात.

"पुढं जायचंय, बाबा," ती म्हणते, आणि कुंपणाकडे बघत राहते.

सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे प्रवास न करायचा विसाव्याचा दिवस, लागतो; त्याच्या आत घर गाठायचं म्हणून ते निघतात. घरी हेम्दा शब्बाथचे दिवे लावते. जेवायला दोघंच असतात.