माथेरानच्या कोर्टावरची लाल माती

एकाहत्तरच्या मे महिन्यात माथेरानला रोख बक्षिसांची टेनिस स्पर्धा भरली. पुरुषांचे सामने आटोपले आणि बायकांत नेरळची सुलभा उतरली. कॉलेजात ती नेहमी जिंकायची. आता तिचा नऊ महिन्यांचा मुकुंद कोर्टाच्या कडेला, त्याला सांभाळणाऱ्या पोशीर गावच्या मोतीबाईच्या मांडीवर होता. मातीत जंत असतात, हे बी.ए. झालेल्या सुलभाने पुस्तकात वाचले होते आणि सकाळपासून मोतीबाईला सात वेळा ऐकवले होते.

"आमची पाच पोरं याच मातीत वाढली, बाई. तुमी चेंडू बघा."

सुलभा चेंडू सोडून बाकी सगळे बघत होती. तरीही जिंकायला एकच गुण उरला. तिने सर्व्हिससाठी चेंडू उडवला आणि मुकुंदची मूठ तोंडाशी गेलेली दिसली. रॅकेट टाकून ती धावली, त्याच्या तोंडात बोट घालून तिने ते चहूकडे फिरवले. आत दोन दातांखेरीज काही नव्हते.

"आता मातर खाल्ली त्यानं माती," मोतीबाई म्हणाली. "तुमच्याच बोटाची."

बोट खरेच कोर्टाच्या मातीने लालभडक होते, आणि मुकुंदला चव आवडली होती.

"खेळणार आहात ना?" पंचाने विचारले.

"हो," सुलभा म्हणाली, "यानं बोट सोडलं की."