मिठाच्या काचेने मोजलेली बॅटरी

विलासने पहिला फटका मारला तेव्हा मी स्कूटरवरून नीट उतरलेही नव्हते. फावड्याचा दांडा संग्रामच्या डोळ्याखाली बसला, तो मिठाच्या ढिगावर आडवा झाला आणि विलास मला म्हणाला, "या ताई, बसा. चहा घेनार?"

जूचंद्रच्या खाडीकडच्या या मिठागरात वीज पोहोचलेली नाही. झोपडीवर सोलरची पॅनल, खाली ॲसिड-पाण्याच्या चार बॅटऱ्या. त्यांच्यावर दिवे, पंखा आणि भरतीचं पाणी आत ओढणारा छोटा पंप. महिनाभर तो पंप पहाटेच मान टाकत होता. बॅटऱ्यांची कामं मी करते. शिकले ती स्वतःच, दोन साड्या आणि एक बोट जाळून. विलासने फोनवर सांगितलं होतं, "चांगल्यातलं मीटर आना. घरातला चोर पकडायचाय."

चोर म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ, संग्राम.

"रोज सांजचं मी सोता मोजतो, बॅटरी भरलेली असते," विलास सांगत होता. "मंग पहाटे खलास कशी? हाच करंट पितो. आज तुमच्या मीटरने नक्की झालं, की दोनी पाय मोडून याला आगराबाहेर टाकतो."

"एक ठेवा," मी म्हणाले. "नाहीतर बाहेर जाणार कसा?"

संग्रामची बायको उन्नती दारात उभी होती. तिच्या गालावर निळसर बोटं उमटली होती, दोन-तीन दिवसांपूर्वीची. मी नुसतं बघितलं, तर ती म्हणाली, "मोठ्या भावाने यांना विचारलं, यांनी मला विचारलं. माझा मोबाइल चार्जिंगला होता."

मी पिशवी उघडली. आत दोन मीटर होती. एक छोट्या दुर्बिणीसारखं: काचेवर ॲसिडचा एक थेंब ठेवायचा, डोळा लावायचा, आत आकडा दिसतो. सांडलवंड नाही, चूक नाही. दुसरं म्हणजे रबरी फुग्याची काचेची नळी. ॲसिड आत ओढलं की तरंगणारी कांडी आकडा दाखवते. फुटायला सोपी. जिथे दांडे चालतात तिथे काच काढू नये, एवढी अक्कल मला आहे. म्हणून मी दुर्बीण काढली.

विलासने ती हिसकावली, बॅटरीच्या एका सेलमधला थेंब काचेवर घेतला, डोळा लावला आणि म्हणाला, "भरलेली हाय."

"आकडा सांगा."

"सांगितलं ना, भरलेली."

संग्राम उठला. त्याचा एक डोळा मिटून गेला होता आणि दुर्बीण विलासच्याच हातात, त्याला आकडा कोण दाखवणार? त्याने डोकं खाली घालून विलासच्या पोटात मारलं. दोघे बांधावरून खाली, आगराच्या पाण्यात. विलास त्याचं तोंड खाली दाबत होता. फुटलेल्या गालात खारं पाणी गेलं तेव्हा संग्राम जो ओरडला, तो आवाज मला आजही नको वाटतो. उन्नतीने आणि मी विलासला केसांना धरून मागे ओढलं. मग त्याच्या छातीवर गुडघा ठेवून मी त्याला सांगितलं, "आता काचेचं मीटर. सगळे बघतील."

चारही बॅटऱ्यांचे सेल तपासले. सगळीकडे बाराशे दहाच्या आसपास. भरलेल्या बॅटरीला बाराशे पन्नास तरी हवं.

"अर्धीच आहे, विलासभाऊ. आणि ही ऊन उतरतानाची, दिवसभर चार्ज झाल्यावरची."

"खोटं. माझ्या काचेत पंचवीस दाखवते."

त्याने आतून त्याच्या बापाची डिग्रीची काच आणली, आगरातल्या पाण्याचा खारटपणा मोजायची. पंचवीसला पाणी पिकतं, मीठ पडतं. हे इथे पाळण्यातल्या पोरालाही माहीत. पंचवीस झालं की काम झालं. वर्षभर हा माणूस बॅटरीही त्याच भरवशावर मोजत होता.

मी माझ्या कॅनमधलं कोरं ॲसिड, भरलेल्या बॅटरीत असतं तेवढंच कडक, बरणीत ओतलं आणि त्याची काच त्यात सोडली. ती एकोणतीसवर थांबली.

"पंचवीसला मीठ पिकतं," मी म्हणाले. "बॅटरी नाही. पंचवीस दिसलं की तुम्ही पॅनलवर फडकं टाकत होतात ना?"

"जास्त उकळू नये म्हनून," तो पुटपुटला.

"कोणी काही चोरलं नाही. अर्ध्या पोटी राबवलंत, आता आतल्या प्लेटा कडक झाल्यात. दोन बॅटऱ्या तर गेल्याच."

विलास खाली बसला. भावाकडे बघायची त्याची हिंमत होईना. पण संग्राम त्याच्याकडे बघतच नव्हता. तो उन्नतीकडे बघत होता, एका डोळ्याने.

"उन्नती," तो म्हणाला, "मला वाटलं..."

तिने त्याच्या सुजलेल्याच गालावर थप्पड मारली. आवाज ओला आला. तो हलला नाही. तिने परत मारली. विलास उठू लागला, तशी ती त्याच्याकडे वळली आणि तो पुन्हा खाली बसला.

"होळी गावात माझ्या आईची वाडी हाय," ती मला म्हणाली. "सोडाल?"

मी ॲसिड लागलेले हातमोजे सोडा टाकून धुतले. ती मागे बसली. संग्राम बांधापर्यंत चालत आला.

"परत कधी येशील?" त्याने विचारलं.

"गाल उतरू दे," ती म्हणाली. "माझा."

मी स्कूटर सुरू केली.