चिठ्ठीखालचं नाव

मी शिशाचा एक खिळा बोलतोय. छापखान्यातला, इंग्रजी डब्ल्यूचा. माझ्या डोक्यावरचं अक्षर उलटं आहे, पण सांगतो ते सुलट आहे. आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेला आहे. पन्नास वर्षं झाली, राग गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

माझा जन्म लाइपझिगचा, तोही एका खुळापायी झालेला. आमच्याकडे जर्मन मजकूर टोकदार, काळ्या अक्षरांत छापतात आणि परकी भाषा आली की गोल अक्षरांत. गोल अक्षरांच्या पेटीत पूर्वी लॅटिन आणि फ्रेंचपुरतेच खिळे असत, आणि त्या दोघींना डब्ल्यू लागतो कुठे? मग इंग्रजीची हवा सुटली. कादंबरीतल्या प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर चार इंग्रजी ओळी नसल्या तर वाचक नाक मुरडू लागले. त्या ओळी कोणाला कळत नव्हत्या, ही गोष्ट वेगळी. टोपीत पीस खोचावं तशा त्या खोचायच्या. आमचे मालक हेर, म्हणजे श्रीयुत, ग्रेसलर यांनी खिळे ओतणाऱ्याकडून दोनशे जादा डब्ल्यू मागवले. त्यातला मी एक.

मी पडलो बाल्थाझार कुंकेलच्या हाती. एकेचाळीस वर्षं खिळे जुळवणारा माणूस. रस्त्यात समोर आलेला लेखक त्याला ओळखू येत नसे, पण त्याच्या हातचा कागद आला की एका ओळीत नाव सांगे.

त्या काळचे बडे कादंबरीकार म्हणजे हॉफराट त्सिर्बेल. हॉफराट ही दरबारी पदवी, आणि तिचा तोरा त्यांच्या चालण्यातसुद्धा होता. त्यांना इंग्रजी फक्त दिसायला आवडे. त्यांच्या हस्तलिखितात प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर एक कागदाचा तुकडा चिकटवलेला असे. त्यावर इंग्रजी ओळी, वेगळ्याच नाजूक हाताच्या.

तो हात मामझेल, म्हणजे कुमारी, रेगिना फोस यांचा. हॉफराटांच्या दोन मुलींना त्या घरी राहून शिकवत. लहानपण इंग्लंडात, हल बंदरात मामाकडे गेलेलं. छापखान्यात इंग्रजी कोणालाच येत नसल्याने मुद्रितं तपासायला हॉफराट त्यांनाच पाठवीत.

"मास्तर, हा डब्ल्यू उताणा पडलाय," एके सकाळी त्या म्हणाल्या. तो मीच होतो.

"तुमची नजर तिखट हो, मामझेल. माझ्या नजरेनं कधीच रजा घेतली." कुंकेलने मला सरळ केलं. "पण मला एक सांगा. प्रत्येक ओळीखाली 'जुन्या इंग्रजी नाटकातून' असं लिहिलंय. बावीस प्रकरणं आणि एकच नाटक? बघायला बसलेली माणसं म्हातारी होऊन उठत असतील."

मामझेल हसल्या. "नाटकबिटक काही नाही. साहेब म्हणाले, गुरुवारपर्यंत वादळावर चार ओळी शोधा. मनासारख्या सापडेनात, म्हणून मीच केल्या. आधी आपल्या भाषेत सुचल्या, मग इंग्रजीत घातल्या."

"साहेबांना ठाऊक आहे हे?"

"सांगितलं की. म्हणाले, छान आहेत, पण खाली तुमचं नाव घातलं तर कोण वाचणार? जुनं नाटक लिहा."

"आणि तुम्ही लिहिलंत."

"लिहिलं. तेव्हा गंमत वाटली, मास्तर."

मग त्यांनी मुद्रिताच्या तळाशी नेहमीप्रमाणे लिहिलं, "छापायला हरकत नाही. रे. फो."

पुस्तक गाजलं. कादंबरीपेक्षा त्या ओळी जास्त गाजल्या. मुली त्या आपल्या वह्यांत उतरवून मैत्रिणींना देऊ लागल्या. विशेषतः वादळाची ओळ: वादळ दार ठोठावत नाही, आत कोण जागं आहे हे त्याला आधीच ठाऊक असतं. एका समीक्षकाने लिहिलं की असा गहिरेपणा आपल्या भाषेला कुठून येणार. अरे, आपल्याच भाषेतून आला होता की! पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं.

दोन वर्षांनी मामझेल स्वतःच्या जर्मन कवितांची वही घेऊन आल्या. हेर ग्रेसलर आमच्या पेट्यांशेजारी उभे राहून पानं उलटू लागले. तिसऱ्या पानावर थांबले.

"मामझेल, हे तर भाषांतर आहे."

"नाही. हेच मूळ आहे."

"अख्ख्या लाइपझिगला या इंग्रजी ओळी पाठ आहेत."

"त्याही माझ्याच आहेत. हॉफराटांना विचारा."

विचारलं. हॉफराटांचं उत्तर आलं की ओळी एका जुन्या ग्रंथात मिळाल्या, आणि मामझेल फोस यांची प्रकृती अलीकडे बरी नसते. एवढंच. आयत्या बिळावर बसलेला नागोबा वर फणाही काढतो, तो असा. आठवड्याभरात एका वर्तमानपत्रात इंग्रजी कवीचा खिसा कापणाऱ्या शिक्षिकेची टवाळी छापून आली. मामझेलचं काम गेलं. दुसऱ्याच्या घरात राहून मुली शिकवणाऱ्या बाईवर चोरीचा शिक्का बसला की तिला कोण उंबऱ्याच्या आत घेतं? नाव हीच तिची सगळी पुंजी, आणि तिला तिच्याच ओळींची चोर ठरवलं होतं.

कुंकेलने ते चिकटवलेले तुकडे जपून ठेवले होते. तो ते घेऊन मालकांपुढे गेला.

"हे बघा. अर्थ मला मामझेलनी सांगितलाय. आधी 'कोण झोपलंय' लिहून खोडलंय. मग 'कोण रडतंय', तेही खोडलंय. मग 'कोण जागं आहे'. उतरवून घेणारा चुकला तर एखादं अक्षर चुकतो. असा तीन वेळा अडत नाही. हा ओळ करणाऱ्याचा हात आहे."

मालकांनी तुकड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. "कुंकेल, तिसरी आवृत्ती यंत्रावर चढतेय. या ओळी एका शिक्षिकेच्या निघाल्या तर पुस्तकाचं हसं होईल. गप्प बसा. इतकी वर्षं बसलातच ना?"

"बसलो," कुंकेल म्हणाला आणि बाहेर आला.

मुद्रित तपासून झालं होतं. वादळाच्या ओळींखाली 'जुन्या इंग्रजी नाटकातून' हे शब्द होते. कुंकेलने ते उपसून काढले आणि तिथे टोकदार, काळ्या, घरच्या अक्षरांत दोन शब्द बसवले. रेगिना फोस. मी वरच्याच ओळीत होतो. परक्यांची उष्टी वाहण्यात माझा जन्म गेला, पण त्या सकाळी माझ्याखाली पहिल्यांदा खरी सही आली.

दुपारी मालकांच्या ते लक्षात आलं तेव्हा चारशे ताव छापून झाले होते. इतका कागद टाकवेना, म्हणून प्रत्येक नावावर एक चिठ्ठी चिकटवली गेली. चिठ्ठीवर पुन्हा तेच जुनं नाटक. कुंकेलला त्याच दिवशी काढलं. निघताना त्याने न चिकटवलेला एक ताव घडी करून घेतला आणि मला बंडीच्या खिशात टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामझेल टपालगाडीने निघाल्या होत्या. परत इंग्लंडला, हल बंदरात मामाकडे. कुंकेलने ताव पुढे केला. त्यांनी तो खूप वेळ पाहिला.

"पेन्सिल आहे, मास्तर?"

त्यांनी तळाशी लिहिलं, "छापायला हरकत नाही." या वेळी आद्याक्षरं नव्हती. पूर्ण नाव लिहिलं.

"हा तुमच्याकडेच ठेवा. माझ्याकडे सापडला तर म्हणतील, हाही हिनेच छापून घेतला."

त्यांचा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. कुंकेल गेला, त्याचा मुलगा गेला. आता मी नातीच्या, बेर्टाच्या, बटणांच्या डब्यात असतो. तळाला तो ताव. तिच्या माडीवर प्राध्यापक हुब्रिख भाड्याने राहतात. सात वर्षं ते ग्रंथ लिहितायत, 'एका अज्ञात इंग्रजी नाटककाराचा हॉफराट त्सिर्बेल यांच्यावरील प्रभाव'. सात वर्षं, आणि त्या नाटककाराचं जन्मगावसुद्धा त्यांनी अंदाजाने ठरवलंय! मी डब्यात जळत होतो. शिसं वितळायला आणखी किती राग लागतो, देव जाणे.

परवा ते खाली आले. हातात तिसरी आवृत्ती.

"बेर्टाबाई, जरा डिंक मिळेल? शेगडीच्या उबेनं ही चिठ्ठी सुटायला लागलीय."

बेर्टाने पान पाहिलं. आजोबांची गोष्ट तिने लहानपणापासून ऐकलेली.

"डिंक नाही. काजं कापायची सुरी आहे. देऊ?"

"सुरी कशाला?"

"खाली काय आहे ते बघायला. सात वर्षांत एकदाही वाटलं नाही तुम्हाला?"

त्यांनी चिठ्ठी उचलली. काळी, टोकदार अक्षरं. "ही कोण?" त्यांनी हळूच विचारलं. बेर्टाने त्यांच्यासमोर डबा उपडा केला. आधी बटणं पडली, मग मी आणि शेवटी तो ताव.

तेव्हापासून मी त्यांच्या टेबलावर आहे. ताव उडू नये म्हणून त्यांनी मला त्यावर ठेवलंय. तीन दिवस झाले, प्राध्यापक एका बाजूला आपला ग्रंथ आणि दुसऱ्या बाजूला हा कागद ठेवून बसलेत. लेखणी उचलतात, ठेवतात. ग्रंथ फाडवत नाही आणि चिठ्ठी पुन्हा चिकटवायचा धीरही होत नाही.

वाचकहो, तुम्हीच सांगा त्यांना. आता कशाची वाट बघताय? लिहा म्हणावं तिचं नाव. छापायला हरकत नाही, असं तिने स्वतःच्या हाताने कधीच लिहून ठेवलंय.